नागपूरच्या पेपरात हवामान बदल कुठल्या पानावर असतो?

धंतोलीकर | ९ जून, २१:१४

वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक नोंदपत्रक बनवायचं आहे. नागपूर आवृत्त्यांमधल्या मार्च ते सप्टेंबर या काळातल्या बातम्या वाचायच्या आणि प्रत्येक बातमी हवामान बदलाचा प्रश्न कशा रीतीने मांडते हे टिपायचं. धागा काढायचं कारण असं, की या सात महिन्यांत आपल्या पेपरात ऊन असतं, गारपीट असते, अंबाझरी तलावाचा पूर असतो, तुरीवरची अळी असते, कोराडीच्या वीज केंद्राची राख असते. 'हवामान बदल' हा शब्द मात्र नोव्हेंबरात कुठेतरी परदेशात परिषद भरली की देश-विदेशच्या पानावर उगवतो. माझ्या मते आपल्या पत्रकारितेची ही सगळ्यात मोठी उणीव आहे. पाचही बातम्या छापल्या जातात, पण त्यांना जोडणारा दोरा छापला जात नाही.

आधार रॉबर्ट एन्टमन यांच्या १९९३ च्या मांडणीचा घेतला आहे. बातमीची चौकट चार कामं करते: प्रश्न काय ते ठरवते, कारण सांगते, चूक-बरोबर ठरवते आणि उपाय सुचवते. माझी कच्ची यादी: निसर्गाचा कोप, पंचनामा-मदत, प्रशासनाची हलगर्जी, श्रीमंत देशांची जबाबदारी, विज्ञान, जुळवून घेण्याचे उपाय. यात काय सुटलं, काय चुकलं, मोकळेपणाने सांगा.

रात्रपाळी | ९ जून, २१:५०

आधी शब्द बदला. डेस्कवर 'चौकट' म्हणजे बॉक्स. पत्रकात 'चौकट आहे का?' असं विचारलंत तर निम्मी मुलं पानावरची रेघांची चौकट मोजतील. 'मांडणी' म्हणा.

पण खऱ्या चौकटीचा रकानाही वेगळा ठेवा. मुख्य बातमी 'पारा ४५ पार' आणि विज्ञान, तज्ज्ञ, आकडे सगळे खालच्या चौकटीत, असं नेहमी होतं. रात्री उशिरा जाहिरात आली की आधी चौकट उडते. म्हणजे कारण सांगणारा मजकूरच सगळ्यात आधी कापला जातो. शहर आणि ग्रामीण आवृत्ती दोन्ही ताडून पाहा, फरक दिसेल.

धंतोलीकर | ९ जून, २२:०३

'मांडणी' ठरलं. चौकटीचा रकाना वेगळा घेतो.

मोरभवन | ९ जून, २२:४०

शब्दांचाच विषय निघाला आहे तर मूळ अडचण तिथेच आहे. शाळेच्या भूगोलात 'हवा' म्हणजे आजची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे दीर्घकाळची सरासरी. पण पेपरात 'हवामान अंदाज' उद्याचा असतो आणि खात्याचं नावच हवामान विभाग. त्यामुळे 'हवामान बदल' वाचून माणसाला उद्या पाऊस येणार असं वाटलं तर तो त्याचा दोष नाही. हिंदीत मौसम आणि जलवायू असे दोन शब्द आहेत, म्हणून शेजारच्या स्टॉलवरच्या हिंदी पेपरात हा गोंधळ कमी.

'वातावरण बदल' तर आणखी घसरडा. 'वातावरणातील बदलामुळे सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढले', 'ढगाळ वातावरणाचा तुरीला फटका', या दोन्ही बातम्यांत वातावरण म्हणजे चार दिवसांचं आभाळ. राज्य सरकारने खात्याला 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' नाव दिलं आणि शब्द तिसऱ्यांदा फिरला. नुसता शब्द शोधून बातम्या गोळा केल्या तर तुमच्या नमुन्यात सर्दी-पडसं जास्त आणि हवामान बदल कमी येईल.

तापमापी | १० जून, ०७:२५

उन्हाच्या बातम्यांबद्दल नीट लिहितो, कारण नागपुरात हीच सगळ्यात मोठी बातमी आणि हीच सगळ्यात ढिली लिहिली जाते.

१) 'उष्णतेची लाट' ही विशेषण म्हणून वापरायची गोष्ट नाही, तिला निकष आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त हवं. ६.४ च्या वर गेलं की तीव्र लाट. किंवा सरळ ४५ ला लाट, ४७ ला तीव्र लाट. हे हवामान उपविभागात निदान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस दिसलं तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आता मेच्या उत्तरार्धात नागपूरची सरासरीच ४२-४३ च्या घरात. त्यात ४.५ मिळवले तर ४७ होतात, म्हणून आपल्याकडे प्रत्यक्षात ४५ चाच निकष लागू पडतो. ४४.८ ला 'लाट' नाही, पण गिट्टी फोडणाऱ्याच्या अंगाला त्या दोन दशांशांनी काय फरक पडतो? वार्ताहराने निकष आणि माणूस दोन्ही लिहायला हवेत. बहुतेक बातम्यांत दोन्ही नसतात.

२) 'सरासरीपेक्षा २ अंश जास्त' यातली सरासरी कोणत्या ३० वर्षांची? जुनी १९८१-२०१० ची होती, आता १९९१-२०२० ची वापरतात. नवी ३० वर्षं जास्त तापलेली, म्हणून तेवढ्याच उन्हाला फरक कमी दिसतो. मापपट्टीच सरकली हे एका ओळीत सांगता येतं. नाही सांगितलं तर १५ वर्षांपूर्वीची बातमी आणि आजची बातमी शेजारी ठेवणाऱ्याला ऊन कमी झाल्यासारखं वाटेल.

३) रात्र. कमाल ४० च्या वर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त राहिलं तर त्याला 'उष्ण रात्र' म्हणतात. शरीराला सावरायला रात्रच मिळते. टिनाच्या घरात कूलर आर्द्रतेमुळे काम करेनासा झाला की माणूस रात्रीच्या तापमानाने खचतो. तरी मथळ्यात नेहमी कमालच. पत्रकात 'किमान तापमानाचा उल्लेख: आहे/नाही' हा रकाना टाकाच.

४) 'जगातलं सर्वांत उष्ण शहर' ही चंद्रपूर-अकोल्याची दरवर्षीची बातमी. ती परदेशी संकेतस्थळाच्या यादीवरून येते. त्या यादीत फक्त त्या दिवशी आकडे पाठवणारी केंद्रं असतात, जगातली सगळी ठिकाणं नसतात. शर्यतीची बातमी म्हणून ती वाचली जाते. हवामान बदलाबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण कल एका दिवसावरून कळत नाही.

सीताबर्डी_किल्ला | १० जून, ०८:१०

तापमापी सर, रामदासपेठेतले ५६ अंश राहिले ना!

तापमापी | १० जून, ०८:४४

बरोबर, तो नमुना तर वर्गात शिकवावा असा आहे. ३० मे २०२४, रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले. आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरने ५२.९ दाखवले होते. दोन्ही ठिकाणी नंतर सेन्सरचा दोष असल्याचं हवामान विभागाने सांगितलं. देशातला नोंदलेला उच्चांक फलोदीचा, १९ मे २०१६ ला ५१. म्हणजे ५६ दिसताच तीन गोष्टी पाहायच्या: शेजारच्या केंद्रांवर काय आहे (ती ४४ च्या आसपास होती), सोनेगावच्या वेधशाळेतल्या काचेच्या तापमापीवर काय आहे, आणि शहराचा उच्चांक किती आहे. पाच मिनिटांचं काम.

नुकसान दुहेरी होतं. ५६ पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानावर एक कॉलम. मग पुढच्या वर्षी खरे ४७ आले तरी 'मशीन बिघडलं असेल' म्हणून लोक सोडून देतात. दुरुस्तीच्या बातमीलाही नमुन्यात जागा द्या.

पराटी_तूर | १० जून, १३:०५

शेतीच्या पानाकडे या. तिथे मांडणी एकच आहे आणि ती अतिशय पक्की आहे: नुकसान, पंचनामा, हेक्टरी मदत, नेत्याची बांधावर भेट, निधी रखडला. काहून असं? कारण बातमी महसुलाच्या कागदातून जन्मते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान म्हणजे मदतीला पात्र. वार्ताहराला तहसीलमधून हेच दोन आकडे मिळतात, तेच तो लिहितो. ६५ मिमीचे दिवस वाढत आहेत का, दोन पावसांमधला खंड लांबतोय का, हे त्या कागदात नसतंच.

संत्र्याचं बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहाराच्या संत्र्यांची फळगळ झाली की मथळा 'अज्ञात रोगाने संत्रा उत्पादक हवालदिल'. गळ कधी बुरशीने होते, कधी फळमाशीने, कधी मुळाशी पाणी साचल्याने, कधी अन्नद्रव्यांच्या कमतरतेने. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था अमरावती रोडवर आहे, एक फोन केला तर 'अज्ञात' शब्द गळतो. आणि उलटही सांगतो, प्रत्येक फळगळ हवामान बदलाच्या खात्यात टाकणं हेही आळशीपणाचंच.

आणखी एक. जागतिक बँकेच्या कर्जातून आलेला 'पोकरा' हा हवामान बदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचाच प्रकल्प. पेपरात तो फक्त 'पोकराचे अनुदान रखडले' म्हणून येतो. शेडनेट, शेततळं, ठिबक यांची नावं येतात, ती कशासाठी हे येत नाही. तुमच्या 'जुळवून घेणे' रकान्यात या बातम्या टाकायच्या की 'पंचनामा-मदत'मध्ये, हे आधीच ठरवा. नाहीतर एकाच बातमीसाठी दोन विद्यार्थी दोन वेगळे रकाने भरतील.

कोराडीरोड | १० जून, १९:३०

यादीत सुटलेली मांडणी: कोळसा म्हणजे विकास, राख म्हणजे स्थानिक त्रास.

कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच, पलीकडे खापरखेडा, शहरात वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं) मुख्यालय. देशात इतक्या जवळ इतका कोळसा असलेली मोठी शहरं थोडी. कोराडीत आणखी दोन ६६० च्या संचांची जनसुनावणी झाली ती मे २०२३ मध्ये, ऐन उन्हात. बातम्या आल्या त्या समर्थक-विरोधक, रोजगार, राख, पाणी, श्वसनाचे आजार यांच्या. सगळे मुद्दे खरे आणि महत्त्वाचे. पण त्याच पेपरात त्याच आठवड्यात पहिल्या पानावर ऊन होतं आणि त्या दोन बातम्यांची एकमेकींशी ओळख करून दिली गेली नाही.

२०२२ चा एप्रिल तर आणखी स्पष्ट. १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च नुकताच गेला होता, विजेची मागणी चढली, कोळसा पुरेना, कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या. मथळे: 'कोळसा टंचाई', 'भारनियमनाचे संकट', 'गाड्या रद्द'. ऊन वाढलं म्हणून कूलर-एसी वाढले, म्हणून कोळसा वाढला, ही साखळी एका बातमीत मावते. पण ऊर्जेचा बीट, म्हणजे वार्तांकनाचं क्षेत्र, एकाकडे, रेल्वे दुसऱ्याकडे, हवामान तिसऱ्याकडे.

वर्धारोड | १० जून, २०:१५

कोराडीरोड भाऊ, इथे मी अडवतो. ज्या शहरात आजही टिनाखाली माणसं झोपतात तिथल्या पेपराने कोराडीच्या चिमणीकडे बोट दाखवायचं आणि दोनशे वर्षं कोळसा जाळणाऱ्यांना सोडायचं? वर्षाच्या एकूण उत्सर्जनात भारत तिसरा आहे, पण दरडोई जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच सांगितलं होतं की पोट भरण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एका तराजूत घालता येत नाही. आपल्या पेपरांनी ही बाजू मांडली तर ती मला उणीव वाटत नाही, ते न्यायाचं बोलणं आहे.

ग्लासगोची हवामान परिषद, नोव्हेंबर २०२१ आठवा. शेवटच्या तासात मसुद्यात कोळसा 'बंद करण्या'ऐवजी 'कमी करण्या'चा शब्द आला. पाश्चात्त्य पेपरांत भारताने करार पातळ केला, आपल्याकडे भारताने विकसनशील देशांची बाजू राखली. तेल-वायू कमी करण्याबद्दल मात्र त्या वाक्यात अवाक्षर नव्हतं, हे आपल्या पेपरांनी दाखवलं ते चांगलंच केलं. बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर ठरले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने सभागृहात नाराजी मांडली. तीही बातमीच आहे.

कोराडीरोड | १० जून, २०:५८

तुमचा एकही आकडा मी नाकारत नाही. सायमन बिलेट यांनी २०१० मध्ये भारतातल्या इंग्रजी दैनिकांचा अभ्यास छापला, त्यात नेमकं हेच दिसलं: धोका आपला, जबाबदारी त्यांची. दोन्ही अर्धी वाक्यं खरी आहेत. अडचण पुढची आहे. 'त्यांची जबाबदारी' म्हणून बातमी संपली की टिनाखालच्या माणसाला या मेमध्ये काय मिळणार हा प्रश्न कुणाला विचारायचा? दरडोई सरासरीत धरमपेठेतलं एसीचं घर आणि टिनाचं घर एकच होऊन जातं. सरासरी देशाची बाजू मांडते, शहरातला फरक झाकते.

वर्धारोड | १० जून, २१:२०

शहरातल्या फरकाचा मुद्दा मान्य. मग पत्रकात 'जबाबदारी' एकच रकाना नको. देशा-देशांतली आणि देशातल्या देशात, असे दोन करा.

नागनदी | ११ जून, ०६:५०

आता पुराकडे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या, पंचशील चौक, मोरभवन बसस्थानक पाण्यात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'ढगफुटी'. हवामान विभागाचा निकष: साधारण २०-३० चौरस किलोमीटरवर तासाभरात १०० मिमी. म्हणजे हा शब्द वापरायला तासागणिक आकडे हवेत, रात्रभराची बेरीज चालत नाही.

आणि हा नुसता शब्दाचा कीस नाही. 'ढगफुटी' म्हटलं की आभाळ दोषी. मग सांडव्यासमोरचं बांधकाम, पात्रात आलेल्या भिंती, नाल्यावर टाकलेले स्लॅब, गाळ, धोक्याचा इशारा कधी मिळाला, हे सगळे प्रश्न दुसऱ्या फळीत जातात. ते पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या जनहित याचिकेतून पुन्हा वर आले. म्हणून धंतोलीकर, तुमच्या मूळ मताशी माझा वाद आहे. तुम्ही म्हणता हवामान बदलाचा दोरा नाही ही उणीव. पुराच्या बातमीत तो दोरा घाईने ओवला तर पालिकेला पळवाट मिळते.

बांगलादेशात हे घडलेलं आहे. नैऋत्येकडच्या जिल्ह्यांत जमीन आणि पाणी खारं झालं की समुद्र चढतोय हेच कारण पुढे येतं. समुद्र चढतोय हे खरंच आहे. पण १९६० च्या दशकापासूनचे बांध, कोळंबीच्या तळ्यांसाठी आत घेतलेलं खारं पाणी, १९७५ च्या फरक्का बंधाऱ्यानंतर कोरड्या ऋतूत घटलेला प्रवाह, ही कारणंही तितकीच खरी. एकच मोठं कारण छापलं की बाकीची तीन कुणाच्याच दाराशी जात नाहीत.

अंबाझरी_लेआउट | ११ जून, ०९:३२

नागनदी ताई, हे 'किंवा' नाही, 'आणि' आहे. तापमान एक अंश वाढलं की हवा साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून थोड्या वेळात जोरदार पाऊस पडण्याची शक्यता वाढते. हाच तर नाले रुंद करण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा! जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेला नाला पुढच्या पावसाला पुरणार नाही. 'पाऊस वाढणार हे माहीत असताना नाला का अडवला?' असा प्रश्न पेपराने विचारला तर पळवाट बंद होते.

नागनदी | ११ जून, १०:०५

असा विचारला तर मी तुमच्या बाजूने. पण तसं छापून येत नाही. तज्ज्ञाचं एक वाक्य येतं, 'हा हवामान बदलाचा परिणाम', आणि खाली आयुक्तांचं 'पाऊसच अभूतपूर्व होता'. दोन्ही वाक्यं एकमेकांना टेकून उभी राहतात.

तापमापी | ११ जून, १०:४०

म्हणूनच श्रेयनिश्चितीचा अभ्यास झाला आहे का, हे पाहायचं. अमुक घटना माणसाने वाढवलेल्या तापमानामुळे किती जास्त संभाव्य झाली, याचं गणित असतं. २०२२ च्या मार्च-एप्रिलच्या उष्णतेची शक्यता ३० पट वाढली, असं आलं. २०१५ च्या चेन्नईच्या पावसात मात्र स्पष्ट ठसा सापडला नाही. दोन्ही उत्तरं शास्त्रानेच दिली आहेत. लिहिताना 'हवामान बदलामुळे ऊन पडलं' असं नाही, 'शक्यता ३० पटीने वाढली' असं. अभ्यास झालेला नसेल तर 'अशा घटना वाढण्याचा कल आहे' इथेच थांबायचं.

ओपीडी_नोंद | ११ जून, १५:१८

मृत्यूंच्या आकड्यांबद्दल कुणीच बोललं नाही. 'उष्माघाताचे दोन संशयित बळी' ही मे महिन्यातली नेहमीची बातमी. बहुधा फुटपाथवर सापडलेली अनोळखी व्यक्ती, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. उष्माघात ठरवायला शरीराचं तापमान ४० अंश किंवा वर आणि शुद्ध हरपलेली, अशी आणल्यावेळची नोंद लागते. मृत आणलेल्याची ती नसते आणि शवविच्छेदनात खात्रीची खूण मिळेलच असं नाही. म्हणून 'संशयित' तसाच राहतो. उन्हाने हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होऊन घरात गेलेली म्हातारी माणसं तर बातमीतच नाहीत.

यातली सगळ्यात गंभीर गोष्ट अशी: हवामान विभागाच्या वार्षिक अहवालातले बळींचे आकडे माध्यमांतल्या आणि सरकारी वृत्तांवर आधारलेले असतात. म्हणजे पेपराने जे छापलं नाही ते आकड्यातही येत नाही. पुढच्या वर्षी तोच आकडा पेपर 'सरकारी आकडेवारी' म्हणून छापतो. गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यात उष्माघात वेगळा आहे, पण तो 'निसर्गाच्या शक्तींमुळे झालेले मृत्यू' या शीर्षकाखाली. धंतोलीकर, तुमची पहिली मांडणी, निसर्गाचा कोप, सरकारी तक्त्याच्या मथळ्यातच बसलेली आहे.

सीताबर्डी_किल्ला | ११ जून, १५:४०

ओपीडी_नोंद, हे वाचून सुन्न झालो.

बर्डीची_ताई | ११ जून, १८:०२

छायाचित्रं मोजणार आहात का? दुपट्टा बांधून गाडीवर निघालेल्या मुली, रसवंती, महाराजबागेत प्राण्यांना लावलेले कूलर आणि हिरव्या जाळ्या, तलावात उड्या मारणारी मुलं. दरवर्षी हीच चार. मजकूर 'घराबाहेर पडू नका' म्हणतो आणि फोटो म्हणतो मजा आहे. वीटभट्टीवरची बाई, डांबर टाकणारा, सिग्नलला पोळलेल्या सीटवर बसलेला डिलिव्हरीवाला, हे कधीतरीच.

रामटेक_रोड | ११ जून, १८:३०

आणि नवतपा! २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, पुढचे नऊ दिवस. 'नवतपात पाऊस आला तर पावसाळा बिघडणार' ही बातमी विज्ञानात की निसर्गाच्या कोपात?

पराटी_तूर | ११ जून, १८:५५

वेगळा रकाना द्या, 'परंपरागत ज्ञान'. शेतकरी आजही नक्षत्रावर पेरणी ठरवतो. पंचांगाच्या अंदाजाला तपासणीशिवाय छापू नये, पण रोहिणी-मृगाचं वेळापत्रक बिघडलंय हे शेतकऱ्याच्या तोंडून येतं तेव्हा ती हवामान बदलाची सगळ्यात कळणारी मांडणी असते.

रात्रपाळी | ११ जून, २२:१०

आता कामाचं. ई-पेपरात शब्द शोधायचा विचार सोडा. पान चित्र म्हणून चढवलेलं असतं, किंवा जुन्या फॉण्टमध्ये असतं. श्रीलिपी, कृतीदेव यांतला मजकूर शोधपट्टीला दिसत नाही. संकेतस्थळावर शोध चालतो, पण तिथल्या बातम्या छापील अंकापेक्षा वेगळ्या असतात आणि पान क्रमांक कळत नाही. तुमचा प्रश्नच 'कुठल्या पानावर' हा आहे, तेव्हा ग्रंथालयातली फाईलच वाचावी लागेल.

नमुना: वर्षाच्या दैनिकाला दोन 'रचलेले आठवडे' पुरतात असं मानतात, म्हणजे वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीने दोन, मंगळवारांतून दोन, असे १४ अंक. पण आपला विषय गुच्छाने येतो, चिठ्ठीत पुराच्या दुसऱ्या दिवसाचा, २४ सप्टेंबरचा अंक निघेलच असं नाही. म्हणून १४ अंक चिठ्ठीचे आणि जोडीला निवडलेल्या घटनांचे सलग सात-सात दिवस. दोन्हींची बेरीज एकत्र करू नका. पुरवणी, जाहिरात-मजकूर आणि ५ जूनचे पर्यावरण दिनाचे शुभेच्छा-लेख वेगळे काढा.

धंतोलीकर | १२ जून, ०८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रक असं बदललं आहे. शब्दावरून निवड नाही, घटनेवरून: ऊन, पाऊस-पूर, गारपीट-पीक, वीज-कोळसा, परिषद-धोरण. प्रत्येक बातमीला पान, कॉलम, चौकट, छायाचित्रात कोण, कुणाचं म्हणणं उद्धृत. मांडणी एकच निवडायची नाही, एन्टमनच्या चारही कामांची वेगळी नोंद: प्रश्न, कारण, दोष, उपाय. त्यामुळे पोकराच्या बातमीचा 'उपाय' जुळवून घेण्याचा आणि 'दोष' प्रशासनाचा, असं दोन्ही टिपता येईल. कारणाच्या रकान्यात एकापेक्षा जास्त खुणा चालतील. नागनदी ताई आणि अंबाझरी_लेआउट यांचा वाद तिथेच आकड्यात दिसेल: हवामान बदल आणि स्थानिक बांधकाम ही दोन्ही कारणं एकाच बातमीत किती वेळा येतात. नागनदी ताई, तुमचा मुद्दा मान्य. दोरा नाही एवढंच मोजलं असतं तर अभ्यास एकांगी झाला असता.

दहा टक्के बातम्या दोघांनी स्वतंत्र वाचायच्या. दोघांच्या नोंदींची जुळणी (क्रिपेनडॉर्फचा अल्फा; पूर्ण जुळल्या तर १) ०.८ च्या खाली आली तर व्याख्या पुन्हा लिहायच्या, ०.६६७ च्या खाली आली तर तो रकानाच बाद.

ओपीडी_नोंद | १२ जून, ०८:४५

मृत्यूच्या बातमीला आणखी एक रकाना: नंतर पाठपुरावा झाला का. 'संशयित'चं पुढे काय ठरलं, हे पुढच्या १५ दिवसांच्या अंकांत शोधायचं.

धंतोलीकर | १२ जून, ०८:५२

घेतला. तसाच ५६ सारख्या आकड्यांच्या खुलाशालाही. पहिली फाईल मे २०२४ ची काढतोय.